पाळीहून लिसेव किती लांब

आमच्या पाळी गावातल्या घरात माळ्यावर फणसाच्या लाकडाची एक पेटी आहे. तिच्यात जुने दस्त, देवस्थानाच्या पावत्या आणि वाळवीने कडा खाल्लेला एक जाड कागद. कागदावर वर पोर्तुगालचे चिन्ह, खाली छापील मजकूर, मधल्या मोकळ्या जागेत वळणदार अक्षरात आजोबांचे नाव, आणि शेवटी एक शब्द, जो लहानपणी मला वाचता येत नसे: 'आप्रोवादु'. म्हणजे पास. आजोबा 'सेगुंदु ग्राव' पास झाले होते. पोर्तुगीजमधल्या प्राथमिक शिक्षणाची ती दुसरी, वरची परीक्षा.

कागद उलटा केला की वेगळेच जग लागते. पाठीवर मोडी अक्षरांत हिशेब आहे. सुपारी किती उतरली, नारळ किती पाडले, कोणाकडून किती कुडव भात यायचे राहिले. कोरा कागद महाग होता, तेव्हा सर्टिफिकेटची पाठही वाया जाऊ दिली नाही.

पुढे का शिकला नाहीत, असे विचारले की आजोबा म्हणायचे, ''पुढे लिसेव होते. वाट एका दिवसाची, पण चढ मोठा.'' मला वाटे, ते पणजीच्या आल्तिन्यू टेकडीबद्दल बोलताहेत. तो चढ नक्की कुठून सुरू झाला होता, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. तो सुरू होतो पॅरिसमध्ये.

गोव्यात लिसेवला सगळे पोर्तुगीज शाळा म्हणतात आणि भाषेपुरते ते खरेच आहे. पण शाळेचा सांगाडा फ्रेंच. 'लिसेव' हे फ्रेंच 'लिसे'चे पोर्तुगीज रूप, आणि 'लिसे' आले अथेन्सहून. अथेन्सच्या वेशीबाहेर अपोलो लिकेइऑस या देवाची राई होती. तिथल्या व्यायामशाळेत ॲरिस्टॉटल शिष्यांना घेऊन हिंडत हिंडत शिकवायचा. त्या जागेला लिकेइऑन म्हणत. दोन हजारांहून अधिक वर्षांनी, 1 मे 1802 रोजी, नेपोलियनच्या सरकारने फ्रान्समध्ये नव्या माध्यमिक शाळांचा कायदा केला आणि त्या शाळांना हे नाव दिले.

नाव राईचे होते, पण शाळेचे वळण पलटणीचे. मुले वसतिगृहात राहत, गणवेश घालत, त्यांच्या तुकड्या पाडलेल्या असत आणि तुकडीवर मुलांमधलेच सार्जंट नि कॉर्पोरल नेमलेले असत. तास सुरू झाला, तास संपला, ही खूण घंटेने नव्हे तर ढोलाच्या ठोक्याने होई. प्रत्येक अपील न्यायालयाच्या हद्दीत निदान एक लिसे असावी, असे कायद्यात होते. सरकारी खर्चाने शिकणाऱ्या 6400 विद्यार्थ्यांची तरतूदही होती. नेपोलियनला राज्य चालवायला माणसे हवी होती: अधिकारी, अभियंते, न्यायाधीश, पलटणीचे कप्तान. पॅरिसमध्ये ठरलेला एकच अभ्यासक्रम देशभर एकाच वेळी शिकवला जावा, हा त्यातला मुख्य विचार. 1808 मध्ये त्यावर कळस चढला, बॅकलॉरिया या परीक्षेचा. पहिल्या वर्षी, 1809 मध्ये, तिला बसले अवघे 31 जण.

आज आपल्याला बोर्ड, ठरलेला सिलॅबस, शेवटची मोठी परीक्षा आणि तिच्या निकालावर ठरणारे आयुष्य हे सगळे स्वाभाविक वाटते. पण ही रचना कधीतरी कोणीतरी बसून आखलेली आहे. ती आखण्यात या फ्रेंच शाळेचा वाटा फार मोठा, आणि तिने चांगले जितके केले तितकेच माणसांना वेगळे पाडण्याचे कामही केले. कारण फ्रान्समध्येही लिसे सर्वांची नव्हती. गावातली मुले गावच्या शाळेत जात, तिथे एक प्रमाणपत्र मिळवत आणि शेतात परतत. ते प्रमाणपत्र चौकट करून घरात भिंतीवर लावायची तिथे रीत होती. लिसेत जाणारी मुले बहुधा लहानपणापासून लिसेच्याच खालच्या वर्गांत फी भरून शिकत. ही फी उठली ती 1930 नंतर. एक रूळ शेताकडे, एक सत्तेकडे. भाषेचेही तेच. ब्रिटनी प्रांतात शाळेत ब्रेटन बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची खूण अडकवत. ती काढायची तर मातृभाषा बोलणारा दुसरा मुलगा पकडून द्यावा लागे. हे वाचले तेव्हा मला पेटीतला कागद आठवला. आजोबांचे 'सेगुंदु ग्राव' आणि त्या फ्रेंच शेतकऱ्याचे चौकटीतले प्रमाणपत्र एकाच कुळातले.

पोर्तुगालमध्ये 1834 साली उदारमतवादी सरकारने धार्मिक पंथांचे मठ बंद केले. तोपर्यंत वरचे शिक्षण बहुतेक मठांच्याच हातात होते. ती जागा भरायला 17 नोव्हेंबर 1836 रोजी पासुश मानुएल या मंत्र्याने हुकूम काढला की प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एक लिसेव उघडावे. आराखडा समोर होता तो फ्रान्सचा. लॅटिनच्या जोडीला फ्रेंच आणि इंग्रजी, गणित, भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असे आधुनिक विषय आले. हुकूम निघाला, पण इमारती नव्हत्या. रिकाम्या मठांत, भाड्याच्या घरांत वर्ग भरू लागले. खास लिसेवसाठी म्हणून बांधलेली लिस्बनमधली पहिली इमारत उघडली ती थेट 1911 मध्ये, आणि तिला नाव दिले गेले पासुश मानुएलचेच. म्हणजे हुकुमापासून इमारतीपर्यंत 75 वर्षे. सरकारी शाळेची इमारत उशिरा होते, हे फक्त आपल्याकडचे दुखणे नाही.

गोव्यात लिसेव आले 1854 मध्ये. तेव्हा पणजीला अधिकृतपणे 'नोव्हा गोवा' म्हणत; 1843 मध्ये तिला शहराचा दर्जा आणि हे नाव मिळाले होते. शहर म्हणून पणजी अगदी नवी. तिथली दलदल भरून सरळ रस्ते काढले ते दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या व्हाइसरॉयने, 1830 च्या आसपास. त्यानेच पणजीच्या सखल भागात लष्करासाठी ती प्रचंड बराक बांधली, जिच्या एका बाजूला आज पोलीस मुख्यालय आहे आणि दुसऱ्या बाजूला मिनेझिस ब्रागांझा संस्था. 1832 मध्ये त्याच व्हाइसरॉयच्या काळात सार्वजनिक ग्रंथालयही सुरू झाले. पुढे बंद पडलेल्या मठांची पुस्तके या ग्रंथालयात आली.

लिसेवचे सुरुवातीचे दिवस गेले ते या बराकीच्या इमारतीत. शिपायांची कवायत, मठांतून आलेली लॅटिन पुस्तके आणि लिसेवची मुले, सगळे एका लांबलचक छपराखाली. पॅरिसमधल्या लिसे बव्हंशी ताब्यात घेतलेल्या मठांत भरत आणि आत पलटणीची शिस्त पाळत. इथे पलटणीच्या घरात मठांची पुस्तके घेऊन शाळा बसली होती. शाळेच्या इमारतीकडे पाहिले की राज्यकर्त्याच्या मनात शाळा म्हणजे काय हे पुष्कळदा कळते. पणजीच्या बराकीकडे पाहिले की मला ते कळते.

भारतात या कुळातली शाळा एकटी पणजीचीच नव्हती. पाँडिचेरीत देबासँ द रिशमाँ या गव्हर्नरने 1826 मध्येच एक कॉलेज उघडले होते. तीच आजची तिथली फ्रेंच लिसे, अजून चालू असलेली. तिचा आणि गोव्याचा एक धागा मला फार महत्त्वाचा वाटतो. चांदरचा एक मुलगा पणजीत शिकून पुढे पाँडिचेरीला गेला, तिथून त्याने फ्रेंच बॅकलॉरिया मिळवली आणि मग पॅरिसला जाऊन इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. हा मुलगा म्हणजे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्य, आपले टी. बी. कुन्य. त्यांच्याकडे पुढे येईनच.

लिसेवात शिकायचे म्हणजे नक्की काय करायचे? आधी 'प्रिमेइरु ग्राव', मग 'सेगुंदु ग्राव', मग लिसेवची प्रवेशपरीक्षा, जिला 'आद्मिसांव' म्हणत. सुरुवातीला एकेक विषय सुटा सुटा घेऊन पास होता येई. ज्याला वकिली करायची तो लागतील तेवढे विषय गोळा करी. 1894-95 मध्ये जायम मुनीज याने पोर्तुगालमधले सगळे माध्यमिक शिक्षण नव्याने बांधले आणि विषयांऐवजी इयत्ता आणल्या: पाच वर्षे सर्वांना समान आणि वरची दोन वर्षे पूरक, एकूण सात. सातवे वर्ष, 'सेतिमु आनु', पास झाला की तो मुलगा घरात, वाड्यावर, गावात वेगळाच माणूस होई. त्याला 1842 पासून चालत आलेल्या पणजीच्या वैद्यकीय शाळेचे दार उघडे, नाहीतर बोटीने कुइंब्रा किंवा लिस्बन. 1947 च्या सुधारणेत याच सात वर्षांचे दोन, तीन आणि दोन असे टप्पे पडले.

फ्रेंच भाषा या सात वर्षांत जागोजाग होती. पोर्तुगालच्या शिकलेल्या वर्गाला विज्ञान, कायदा, कादंबरी, राजकारण हे सारे फ्रेंचमधूनच मिळत होते, म्हणून लिसेवातल्या मुलालाही फ्रेंच वाचता आलेच पाहिजे. त्याचा परिणाम असा झाला की पणजीतल्या कितीतरी घरांच्या कपाटांत इंग्रजीपेक्षा फ्रेंच पुस्तके जास्त होती. ब्रिटिश राजवटीतला पुण्या-मुंबईचा शिकलेला माणूस मिल आणि स्पेन्सर वाचत असताना इथला माणूस ह्यूगो आणि रूसो वाचत होता. मराठी वैचारिक इतिहास लिहिताना गोव्याची ही खिडकी आपण बहुतेक वेळा विसरतो, आणि हे मला खटकते.

आता पाळीकडून पाहू. पाळी डिचोली तालुक्यात, साखळीच्या बाजूला. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे तालुके पोर्तुगिजांकडे आले अठराव्या शतकाच्या शेवटी, पेडणे तर 1788 मध्ये. त्यांना नव्या काबिजादी म्हणतात. बार्देस, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादींत भाषेवर, धर्मावर, लग्नाच्या चालीवर जे घाव पडले ते इथे त्या रीतीने पडले नाहीत. 1684 मध्ये कोकणीवर बंदी घालणारा हुकूम निघाला तेव्हा आमचा भाग पोर्तुगिजांचा नव्हताच. त्यामुळे इथे देवळे जागेवर राहिली, कारभार मोडीत राहिला, पोथी मराठीत राहिली. शाळा म्हणजे कोणाच्या तरी ओसरीवर बसणारा शेणवीमाम. तो धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेई, पाढे म्हणून घेई आणि मोबदल्यात भात नाहीतर नारळ घेई.

हे सगळे वाचवले कोणी, हा प्रश्न मोठा आहे, पण त्याची किंमत मात्र स्पष्ट होती. ज्या मुलाने शेणवीमामाकडे अक्षरे गिरवली, त्याला लिसेवपर्यंत जायचे तर पुन्हा शून्यापासून पोर्तुगीज शिकावे लागे. तीही सरकारी शाळा जवळ असली तर. मग मुलाला पणजीत नातेवाइकांकडे ठेवावे लागे, कारण रोज जाण्यासारखे अंतर नव्हते. आज गाडीने ते सुमारे पस्तीस किलोमीटर. तेव्हा चालत नदीपर्यंत, नदीत होडी किंवा 'गॅसोलीन', म्हणजे प्रवासी लाँच, नाहीतर बेतीपर्यंत जाऊन फेरीबोट. मांडवीवर पूल झाला तो 1970 मध्ये. शिवाय जेवणाखाण्याचा, सोवळ्याओवळ्याचा प्रश्न होताच. आजोबांच्या 'चढ मोठा' या दोन शब्दांत हे सारे होते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे, कारण ती सांगितली जात नाही. लिसेवच्या त्या जुन्या काळातच पणजीत मराठी अधिकृतपणे शिकवली जात होती. नव्या काबिजादींचा कारभार मराठी कागदांवर चालत असल्याने सरकारला मराठी जाणणारी माणसे लागत. सूर्याजी आनंदराव हे तिथले मराठीचे अध्यापक आणि सरकारी भाषांतरकार. त्यांनी पोर्तुगीज वाचणाऱ्यांसाठी मराठीचे व्याकरण लिहिले. मराठीच्या विभक्ती, मराठीची क्रियापदे लॅटिनच्या साच्यात समजून घेणारी ती पिढी डोळ्यांसमोर आणा. 1855 मध्ये गोव्यात आलेला कुन्य रिव्हारा हा सरचिटणीसही याच सुमाराचा. पोर्तुगीज असूनही शिक्षण लोकांच्या भाषेतून व्हावे असे त्याने मांडले आणि 1858 मध्ये कोकणीच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे दार सरसकट बंद नव्हते. ते किलकिले होते, आणि आत जायला वाकावे लागत होते.

दार खऱ्या अर्थाने हलले ते 5 ऑक्टोबर 1910 रोजी, पोर्तुगालमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक आले तेव्हा. पुढच्या वर्षी चर्च आणि राज्य वेगळे झाले आणि हिंदूंना सरकारी नोकऱ्या व पदे बरोबरीने खुली झाली. त्या काळचा उत्साह समजून घ्यायचा तर फोंड्याला पाहावे. 1911 मध्ये दादा वैद्यांसारख्या मंडळींनी तिथे जी शाळा काढली, तिला नाव दिले आंतोनियु जुझे द आल्मैद या पोर्तुगीज प्रजासत्ताकवादी नेत्याचे. पणजीत मुष्टिफंड उभे राहिले होते, घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा करून. मुठीच्या तांदळावर चालणारी शाळा आणि टेकडीवरचे सरकारी लिसेव, दोन्ही एकाच शहरात. यातली कोणती मोठी, हे ठरवताना माझे मन डगमगत नाही.

आल्तिन्यूवर लिसेव चढले ते विसाव्या शतकात. 'आल्तु' म्हणजे उंच, 'आल्तिन्यू' म्हणजे छोटीशी उंची. चर्चच्या पायऱ्यांमागून किंवा मळ्यातल्या मारुतीच्या देवळाकडून वर गेले की झाडांची सावली, बिशपचा वाडा आणि बड्या अधिकाऱ्यांचे बंगले लागतात. तिथेच लिसेवच्या इमारतींचा समूह. खाली दमट, दाटीची पणजी आणि वर वारा. शाळा उंचावर, मोकळ्या हवेत, सुट्या इमारतींत असावी हा त्या काळच्या युरोपातला आरोग्यशास्त्रीय आग्रह. बराकीच्या लांब छपरापेक्षा हा विचार निश्चितच माणुसकीचा.

या इमारती म्हणजे पुस्तकातून आलेला युरोप, पण अंग इथले. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे उतरते कौलारू छप्पर आणि वर्गासमोर व्हरांडा हवाच. भिंती जांभ्याच्या. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, अवजाराने सहज तासला जातो. उन्हात नि हवेत पडला की त्यातले लोह कडक होते आणि तो घट्ट होतो. पण भोकाभोकांचा असल्याने पाणी पितो, म्हणून वरून चुन्याचा गिलावा लागतो. गिलावा पडलेल्या कुठल्याही जुन्या भिंतीजवळ जाऊन पाहा: लालसर, पिवळसर, मधमाशीच्या पोळ्यासारखा पृष्ठभाग, आणि त्यावर तिरप्या रेघा. त्या तासणाऱ्याच्या हाताच्या.

फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने केरळात हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटेराइट' नाव दिले. लॅटिनमध्ये 'लातेर' म्हणजे वीट. आत मुले लॅटिन शब्दांची रूपे पाठ करत होती आणि भोवतालच्या भिंतीचे शास्त्रीय नावही लॅटिनच होते. आम्हा पाळीच्या लोकांना मात्र या दगडाची ओळख वेगळी. आमच्या डोंगरांवर हाच जांभा टोपीसारखा बसलेला आणि त्याच्याखाली लोहखनिज. ते काढायला टोप्या उडवल्या गेल्या, डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झाले आणि पावसात ओढे तांबडे वाहू लागले. लिसेवची भिंत पाहताना मला आधी डोंगर दिसतो.

लिसेवने सत्तेला माणसे दिली तशी सत्तेला प्रश्न विचारणारीही दिली. पत्रकार लुइश द मिनेझिस ब्रागांझा इथलेच विद्यार्थी. 1930 च्या 'आक्तु कोलोनियाल' या वसाहतींच्या कायद्याविरुद्ध गोव्याच्या विधिमंडळात त्यांनी आवाज उठवला. जिथे शाळेने मुलांना रूसो वाचायला शिकवले, तिथेच त्यांना दुय्यम नागरिक ठरवणारा कायदा आला, तर काय होणार? रवींद्र केळेकर लिसेवात शिकत असताना 1946 मध्ये मुक्तिलढ्यात उतरले. लक्ष्मणराव सरदेसाई हे मराठी कथाकार, पण पोर्तुगीजवर त्यांची पकड अशी की उत्तरायुष्यात त्यांनी त्या भाषेत कविता लिहिल्या. कोकणी कवी मनोहरराय सरदेसाई तर थेट पॅरिसला गेले. फ्रेंच साहित्यातल्या भारताच्या प्रतिमेवर त्यांनी सोर्बोनची डॉक्टरेट 1958 मध्ये मिळवली. आणि आमच्या शेजारच्या सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे पांडुरंग पिसुर्लेकर! गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख म्हणून त्यांनी जुन्या पोर्तुगीज कागदांतून मराठ्यांचा इतिहास उकलून दाखवला. मराठी मोडीचा मुलूख आणि पोर्तुगीज दफ्तर, दोन्ही ज्याच्या हातात होते त्याच्याकडूनच हे होणार होते. पाळी-पिसुर्ल्याकडच्या पोराला या गोष्टीचा अभिमान वाटला तर तो रास्तच आहे.

टी. बी. कुन्य पॅरिसमधून फ्रेंच नियतकालिकांत भारताच्या लढ्याबद्दल लिहीत होते. परत येऊन 1928 मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. 1944 मध्ये लिहिलेल्या एका इंग्रजी पुस्तिकेत त्यांनी गोमंतकीयांचे अराष्ट्रीयीकरण कसे झाले हे मांडले, आणि त्यात शिक्षणाचा हिशेबही होता. 1946 मध्ये त्यांना अटक झाली, लष्करी न्यायालयापुढे उभे केले गेले आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवले गेले. फ्रेंच शाळेचे शिक्षण ज्याला मिळाले त्यानेच त्या शिक्षणाला सर्वांत कठोर प्रश्न विचारला. आज आल्तिन्यूवरच एका शैक्षणिक संकुलाला त्यांचे नाव आहे.

शेवटच्या काळात लिसेवचे अधिकृत नाव होते 'आफोंसु द आल्बुकेर्क राष्ट्रीय लिसेव', 1510 मध्ये गोवा जिंकणाऱ्याच्या नावाचे. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि त्या नावाला काही अर्थ उरला नाही. 1962 मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही मुंबई विद्यापीठाच्या वळणाची. मुंबईच्या वळणामागे लंडन. म्हणजे मधल्या एका पिढीला शाळेचे एक युरोपी वळण सोडून दुसरे घ्यावे लागले. सातव्या वर्षापर्यंत पोर्तुगीजमध्ये शिकलेल्या माणसाला अर्जही इंग्रजीत लिहिता येईना, अशा घरांच्या गोष्टी पणजीत अजून ऐकायला मिळतात. त्यांच्या वाट्याला आलेले एकटेपण आम्ही त्या वेळी समजून घेतले नाही, असे मला वाटते.

इमारती रिकाम्या राहिल्या नाहीत. लिसेवच्या संकुलात पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे गोवा खंडपीठ बसले. नेपोलियनच्या कायद्यात अपील न्यायालय तिथे लिसे होती, पणजीत लिसेव होते तिथे उच्च न्यायालय आले. 27 मार्च 2021 रोजी पर्वरीत न्यायालयाच्या नव्या वास्तूचे उद्‌घाटन झाले आणि टेकडीवरची वर्दळ ओसरली. अशा इमारतीला पुन्हा वाचणारी, शिकणारी माणसे मिळावीत, असे मला फार वाटते. जुने दफ्तर, जुनी पुस्तके, पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही वाचायला शिकवणारे वर्ग यांच्यासाठी याहून योग्य जागा गोव्यात नाही.

अथेन्समधल्या त्या राईची जागा कुठे होती हे शतकानुशतके नक्की ठाऊक नव्हते. 1996 मध्ये संग्रहालयासाठी पाया खणताना ती सापडली. लिसेवचे तसे नाही. पणजीत चर्चसमोर मोटारसायकलवाल्या पायलटला नुसते 'लायसियम' म्हटले की तो आणखी काही विचारत नाही, सरळ वर नेतो.

परवा मी गेलो ते आजोबांचा कागद घेऊनच. वाळवीने आणखी खाण्याआधी एक नक्कल काढून ठेवायची होती. टेकडीखालच्या झेरॉक्सच्या दुकानात मुलाने कागद जपून काचेवर ठेवला, झाकण लावले आणि विचारले, ''एकच बाजू?''

''दोन्ही,'' मी म्हटले.